माझा शुक्रवार आहे: कोकणात ख्रिस्ती उपवासकाळ पाळायचा तर

मराठीत 'उपास' म्हटलं की आधी साबुदाणा आठवतो. ख्रिस्ती उपवासाचा साबुदाण्याशी काही संबंध नाही, आणि नव्याने उपवास धरणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते. दाण्याचं कूट आणि बटाटा घातलेली साबुदाण्याची भरली थाळी कॅथलिक हिशेबाने एक पूर्ण जेवण आहे. उलट मीठ घातलेली वाटीभर भाताची पेज उपवासाला अगदी योग्य. कांदा-लसूण चालतो, भात चालतो, डाळ चालते. इथे पदार्थांची यादी वेगळी आणि मोजायची पद्धतही वेगळी.

लग्न होऊन कॅथलिक घरात आलेली सून किंवा जावई, मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेली माणसं, नुकतंच चौदावं वर्ष पुरं झालेली मुलं आणि वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत गावी परतून पुन्हा चर्चशी जोडली जाणारी कुटुंबं, अशांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. मुख्य भाग कॅथलिक रीतीचा आहे. इतर चर्चची रीत शेवटाकडे थोडक्यात दिली आहे.

आधी दोन शब्द वेगळे करा

उपवास म्हणजे किती खायचं याचा नियम. मांसवर्जन म्हणजे काय खायचं नाही याचा नियम. हे दोन नियम वेगळे आहेत, वेगवेगळ्या दिवशी लागतात आणि वेगवेगळ्या वयाच्या माणसांना लागतात.

उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचा काळ. उपवासाचे बंधनकारक दिवस मात्र वर्षात फक्त दोन: राखेचा बुधवार, म्हणजे या काळाचा पहिला दिवस, आणि गुड फ्रायडे, म्हणजे ईस्टरआधीचा शुभ शुक्रवार. या दोन दिवशी उपवासही असतो आणि मांसही वर्ज्य असतं. मांसवर्जन त्याशिवाय शुक्रवारी असतं. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या संहितेत १२४९ ते १२५३ ही कलमं याच विषयावर आहेत, आणि त्यांत वर्षातला प्रत्येक शुक्रवार प्रायश्चित्ताचा दिवस मानला आहे. मांसाऐवजी दुसरं एखादं अन्न वर्ज्य करावं, की त्या जागी प्रार्थना किंवा दानधर्म चालेल, हे ठरवायचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला दिलेला आहे. म्हणून उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी तुमच्या धर्मप्रांतात, म्हणजे तुमच्या बिशपच्या हद्दीत, काय रीत आहे, ते धर्मगुरूंना एकदा सरळ विचारून घ्या. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, सिंधुदुर्ग २००५ साली पुण्यापासून. सूचना आपल्या धर्मप्रांताची बघायची. मुंबईच्या नातेवाइकाने मोबाइलवर पुढे ढकललेली सूचना तुमच्या गावाला लागू असेलच असं नाही.

वयाचं गणित असं. मांसवर्जन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि ते कुठल्याही वयाला संपत नाही. उपवास अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. साठीचं वर्ष सुरू झालं की उपवासाचं बंधन सुटतं, मांसाचं सुटत नाही. म्हणजे घरात सोळा वर्षांची मुलगी आणि पासष्ट वर्षांची आजी असेल, तर गुड फ्रायडेला दोघींनी मांस टाळायचं, पण तीन वेळा पोटभर जेवल्या तर नियम मोडत नाही. लहान मुलांना नियम लागू नसला तरी हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांना समजावून सांगायचं काम आईबापांचं आहे, असं त्याच कायद्यात म्हटलं आहे.

आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अंगमेहनतीचं जड काम करणारी माणसं यांना उपवासातून सूट आहे. होडीवर जाळं ओढणाऱ्याने किंवा चिरेखाणीत काम करणाऱ्याने भर उन्हात उपाशी राहू नये. वाटलं तर आपल्या धर्मगुरूंशी बोलावं. ते सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं काही सुचवू शकतात.

कॅलेंडरवर खुणा

ईस्टरची तारीख चंद्रावर चालते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, त्यामुळे पंचांगापेक्षा कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. चाळीस दिवसांचा उपवासकाळ म्हणतात आणि दिवस भरतात ४६, कारण मधले सहा रविवार उपवासात मोजत नाहीत. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे कोंकणी बोलणाऱ्या घरांत याला 'करेज्म' म्हणतात. 'चाळिसावा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पोर्तुगीजमार्गे आलेला हा शब्द आहे.

दोन वर्षांच्या तारखा लिहून ठेवा. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. २०२८ मध्ये राखेचा बुधवार १ मार्च, गुड फ्रायडे १४ एप्रिल, ईस्टर १६ एप्रिल. दोन्ही वर्षी उपवासकाळात सात शुक्रवार, शेवटचा गुड फ्रायडे.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. शुक्रवारी 'सोहळा' या सर्वांत वरच्या दर्जाचा सण आला तर मांसवर्जन लागत नाही. १९ मार्चचा संत योसेफ यांचा सोहळा २०२७ मध्ये शुक्रवारी येतो, म्हणजे त्या वर्षी सातांतला एक शुक्रवार सुटतो. २०२६ चा नाताळ आणि २०२७ चं नववर्ष हे दोन्ही शुक्रवारीच आहेत, दोन्ही सोहळे, दोन्ही दिवस मोकळे. येशूच्या पवित्र हृदयाचा सोहळा तर दरवर्षी शुक्रवारीच असतो. ईस्टरनंतरचा पहिला शुक्रवारही मोकळा. हे माहीत नसल्याने कुणी नाताळच्या दिवशी सासरच्या ताटाला नाही म्हणत बसतं, ते करू नका.

शिमग्याचा मेळही आधीच बघून ठेवा. फाल्गुन पौर्णिमा बहुतेक वर्षी उपवासकाळातच पडते. पालखी, शेजाऱ्यांकडची बोलावणी, धुळवडीचं मटण हे सगळं त्यातच येतं. २०२७ ला तर होळी पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर आहे. बोलावणं आल्यावर गडबडण्यापेक्षा कुठला वार आहे ते आधी बघितलेलं बरं.

मांस कशाला म्हणायचं

जमिनीवरच्या उष्ण रक्ताच्या प्राण्यापक्ष्यांचं मांस: मटण, डुक्कर, गुरं, कोंबडी, बदक, ससा, रानडुक्कर. मराठी घरांत 'मटण नाही ना, चिकनच आहे' असं म्हणायची सवय आहे. इथे चिकनही मांसच. कलेजी, वजडी, पाय हेसुद्धा.

चालतं ते: सगळे मासे, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं, सुका बाजार, अंडी, दूध, तूप, चीज. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली 'पेनितेमिनी' हे फर्मान काढलं, त्यात अंडी, दुधाचे पदार्थ आणि चरबीची फोडणी यांना मोकळीक असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच्या कितीतरी शतकं आधी युरोपात अंडी आणि दूधही वर्ज्य असायचं. चाळीस दिवसांत कोंबड्यांनी घातलेली अंडी साठायची, ती ईस्टरला निघायची. ईस्टरच्या अंड्याची प्रथा या साठ्याशी जोडलेली आहे.

मटणाचा नुसता रस्सा, फोडी न घेता? १९१७ च्या जुन्या संहितेत मांसाचा रस्साही नाव घेऊन वर्ज्य केलेला होता. १९६६ च्या फर्मानात फक्त मांसाचा उल्लेख आहे. कायद्याचा कीस काढून रस्सा भुरकण्यात काही अर्थ नाही. टाळावा हेच बरं.

स्वयंपाकघरात चूक होते ती लपलेल्या मांसाने. चोरिसाचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) दोन तुकडे घातलेला पुलाव, चिकनचा मसाला असलेले नूडल्स, सूपची वडी, कालच्या चिकनच्या वाटणाचा उरलेला गोळा. बुधवारी रात्री फ्रिज उघडून बघा आणि शुक्रवारी मध्ये येईल असं काही असेल तर गुरुवारी संपवा. गुरुवारी उरलेलं मटण 'टाकायचं कसं' म्हणून शुक्रवारी दुपारी पानात येतं. नियम मोडण्याचं कोकणातलं हे सगळ्यात साधं कारण आहे.

माशाचं काय करायचं

आता खरा मुद्दा. युरोपात आतल्या भागातल्या माणसाला मांस सोडून मासा खाणं ही तडजोड होती. मालवणात, हर्णैत, वसईच्या पाचूबंदरात मासा हे रोजचं जेवण आहे. शुक्रवारी मटण सोडलं आणि सुरमईच्या तुकड्या तळल्या, वर तिखलं, सोबत सोलकढी, तर कायदा शंभर टक्के पाळला गेला आणि सोडलं मात्र काहीच नाही. उलट खर्च चिकनपेक्षा जास्त झाला.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने नियमाच्या एक पायरी पुढे जावं, असं आमचं ठाम मत आहे. हे बंधन नाही, स्वतःहून करायची गोष्ट आहे, आणि कुणी करत नसेल तर त्याला बोलायचं नाही. तीन मार्ग आहेत.

पहिला, शुक्रवारी मासाही सोडायचा. कोकणात हे अजिबात अवघड नाही, कारण फेब्रुवारी ते एप्रिल हा आपल्याकडच्या भाज्यांचा बहराचा काळ. ओले काजूगर आलेले असतात, फणसाच्या कुयऱ्या असतात, कैऱ्या लागलेल्या असतात, उत्तरेकडे वालाचं बिरडं असतं.

दुसरा, मासा ठेवायचा पण उतरत्या भाजणीने. पापलेट-सुरमईऐवजी तारली, मांदेली, किंवा भाजलेला सुका बांगडा आणि पेज. वाचलेले पैसे बाजूला काढायचे. शुक्रवारची मासळी एरवी ३०० रुपयांची होत असेल आणि आज ८० रुपयांत भागली, तर २२० रुपये त्याच दिवशी डब्यात टाका, महिनाअखेरीवर ढकलू नका. सात शुक्रवारांचे १५४० होतात. उपवासकाळात चर्चमध्ये दानाची पाकिटं किंवा पेटी असते. कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची भूक आणि रोगांविरुद्धची मोहीमही याच काळात चालते. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, असं आहे. डब्याशिवायचा उपवास अर्धाच.

तिसरा मार्ग पूर्ण चाळीस दिवस एकच गोष्ट सोडण्याचा: दारू, विडी-सिगारेट, चहातली साखर, रात्रीचं मोबाइल बघणं. एकच धरा. नवखी माणसं राखेच्या बुधवारी पाच गोष्टी सोडतात आणि दुसऱ्या रविवारी पाचही परत धरतात. आणि सोडलेल्या गोष्टीला रविवारी सूट घ्यायची की नाही, ते पहिल्याच दिवशी ठरवा. मध्येच ठरवायला गेलं की सूट सोमवारपर्यंत लांबते.

पावसाळ्यातल्या शुक्रवारांचं एक सांगायला हवं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत शुक्रवार पाळणाऱ्या घराने मे महिन्यातच जवळा, सुके बोंबील, कुळथाचं पीठ आणि आमसुलं भरून ठेवावी. नाहीतर हाताशी काहीच नाही म्हणून कोंबडीच शिजते.

उपवासाचे दोन दिवस, तासाच्या हिशेबाने

नियम असा: दिवसभरात एक पूर्ण जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडं खाणं. रूढ माप असं की दोन्ही वेळचं थोडं एकत्र केलं तरी ते पूर्ण जेवणाएवढं होऊ नये. मधल्या वेळी तोंडात काही टाकायचं नाही. पाणी कितीही. चहा, ताक, सरबत यांनी उपवास मोडत नाही, पण बिस्किटं बुडवून चार वेळा चहा घेतला तर ते खाणंच झालं. मिल्कशेकचंही तेच.

राखेच्या बुधवारी बहुतेकांचं काम, शाळा, ऑफिस चालू असतं. सकाळी सातला एक घावन किंवा एक पोळी आणि चहा. दुपारी एकला पूर्ण जेवण: भात, कुळथाची पिठी, एक भाजी. रात्री आठला वाटीभर पेज. राख सकाळच्या किंवा संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कपाळाला लावतात. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. त्या दिवशी मिस्सा बंधनकारक नाही, तरीही चर्च भरतं. राख कपाळावर दिवसभर ठेवावी की पुसावी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गुड फ्रायडेचा दिवस वेगळा असतो. त्या दिवशी मिस्सा नसतो. दुपारी तीनच्या सुमाराला येशूच्या दुःखसहनाची उपासना असते, सकाळी बऱ्याच ठिकाणी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे घेत प्रार्थना करत चालणं. मार्च-एप्रिलचं ऊन, दमट हवा, अनवाणी टेकडी चढणं आणि रिकामं पोट, यामुळे दरवर्षी कुठे ना कुठे कुणाला भोवळ येते. नव्याने उपवास करणाऱ्याने पूर्ण जेवण रात्रीवर ढकलू नये. सकाळी क्रूसाच्या वाटेआधी थोडं खावं, बारा वाजता पूर्ण जेवण घ्यावं, मग उपासनेला जावं, आणि रात्री पेज. दोन-तीन वर्षं सवय झाल्यावर दुपारी फक्त पेज आणि रात्री जेवण असं करता येतं. सोबत पाण्याची बाटली ठेवा. घाम खूप येत असेल तर चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाचं माप बदलू नये. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. तिथे उपवास संपला. यात पाप काहीच नाही. अशा माणसाने मांसवर्जन पाळावं, डब्यात पैसे टाकावे, एवढं पुरे.

पेज आणि पिठी

पेजेला उकडा तांदूळ हवा. कोलमची किंवा सुरईची पेज लवकर लगदा होते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. एक वाटी, साधारण १५० ग्रॅम, उकडे तांदूळ दोन-तीन पाण्यांत धुवून अर्धा तास भिजवा. आठ वाट्या पाणी उकळत ठेवा, उकळी फुटली की तांदूळ सोडा. आच मध्यम, झाकण अर्धं, खाली लाकडी डाव अडकवून ठेवला की उतू जात नाही. चाळीस-पन्नास मिनिटांत शीत बोटाखाली सहज दबतं पण अख्खं राहतं, तेव्हा झाली. पाणी आटलं तर उकळतंच पाणी घाला. गार पाणी घातलं की शिजणं थांबतं आणि शीत मध्येच टणक राहतं. मीठ शेवटी, कारण आटता आटता पेज खारट होते. एवढ्यात दोघांचं जेवण किंवा चौघांचं थोडं खाणं होतं. सिंधुदुर्गात सकाळी दहाच्या सुमाराला पेज घ्यायची जुनी सवय आहे, आणि उपवासाच्या दिवशी ती वेळ फार सोयीची पडते: तिथून दुपारपर्यंत पोट शांत राहतं.

सोबत कैरीचं लोणचं, भाजलेला सुका बांगडा किंवा खोबऱ्याची चटणी, यांतलं एक काहीतरी. तिन्ही घेतली की पेज किती पोटात गेली ते कळत नाही.

कुळथाच्या पिठीसाठी तीन मोठे चमचे पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. पीठ गरम पाण्यात थेट सोडलं तर गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या मोडत नाहीत. चमचाभर तेलात ठेचलेल्या सहा लसणाच्या पाकळ्या लाल करा, दोन हिरव्या मिरच्या घाला, दोन वाट्या पाणी ओता. उकळी आली की एका हाताने ढवळत कालवलेलं पीठ सोडा. सात-आठ मिनिटं उकळू द्या, नाहीतर कच्चा वास राहतो. मीठ आणि तीन आमसुलं शेवटी. चुलीवरून उतरवताना पातळ वाटली पाहिजे, गार होताना ती घट्ट होते.

ओले काजूगर सोलताना हाताला तेल लावा. सालातला चीक कातडी भाजतो. गर गरम पाण्यात अर्धा तास ठेवले की वरचं तपकिरी साल चिमटीत निघून येतं.

दुसऱ्याच्या घरी

कोकणात सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण पाळणारी घरं शेजारीपाजारी असतात. त्यामुळे लांबण लावायची गरज पडत नाही. 'माझा शुक्रवार आहे' एवढं म्हटलं की कुठल्याही घरातली बाई पुढचं विचारत नाही, वरण-भाताकडे वळते. मात्र हे सांगायचं बोलावणं येतं तेव्हा. पान वाढल्यावर सांगितलं तर यजमानाची पंचाईत होते. आणि तोंड पाडून, आपण किती सोसतोय असं दाखवत सांगायचं नाही. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने उपास करणाऱ्याला डोक्याला तेल लावून तोंड धुवायला सांगितलं आहे, ते याचसाठी.

हॉटेलात चायनीज, सूप, पुलाव यांच्याबद्दल विचारून घ्या. व्हेज म्हणून येणाऱ्या भाताला कधीकधी कोंबडीचं पाणी घातलेलं असतं.

विसरून खाल्लं तर? घास तोंडात असताना आठवलं तर तिथे थांबा, बाकीचा दिवस नीट पाळा. विसरलेल्याला दोष लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट उपास करायची गरज नाही. जाणूनबुजून, पर्वा न करता मोडलं असेल तर ते पापनिवेदनाच्या वेळी सांगायचं. ईस्टरआधी धर्मगुरू त्यासाठी जास्त वेळ बसतात.

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात मिळणारी आशीर्वादित भाकर, घेण्याआधीचा उपवास हा आणखी वेगळा, आणि तो वर्षभर असतो. घेण्याच्या वेळेपूर्वी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध सोडून. पूर्वी हा मध्यरात्रीपासून असे, १९५७ मध्ये तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. तास मिस्सा सुरू होण्यापासून मोजायचा नाही, प्रत्यक्ष घेण्यापासून मोजायचा. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तोही लागू नाही.

इतर चर्चमध्ये

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये कॅथलिकांसारखं वयाचं आणि दिवसांचं बंधन नाही. उपास ज्याच्या त्याच्या मनावर आणि मंडळीच्या ठरावावर असतो. केरळमधून कोकणात स्थायिक झालेली सीरियन परंपरेची कुटुंबं पन्नास दिवसांचा 'नोंबू' धरतात, आणि कडक पाळणाऱ्या घरांत मासा, अंडी, दूधही वर्ज्य असतं. त्यांना जेवायला बोलावताना मासा चालेल असं गृहीत धरू नका.

ईस्टरचं ताट

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, दोन-तीन दिवस मुरलं की चांगलं लागतं, म्हणून ते गुड फ्रायडेला शिजवायचा मोह होतो. शिजवलं की मीठ-आंबट बघायला चमचा तोंडात जातो, आणि सगळा उपवासकाळ पाळलेल्या बाईचा शेवटचा शुक्रवार चुलीपाशी मोडतो. ते गुरुवारी दुपारपर्यंत उरकून फ्रिजात ठेवा, किंवा शनिवारी करा. पवित्र शनिवारी उपवास आणि मांसवर्जन बंधनकारक नाही. बरेच जण त्या रात्रीच्या जागरणाच्या मिस्सापर्यंत स्वतःहून पाळतात, आणि ते चांगलंच आहे. रात्री मिस्साहून आल्यावर मात्र लगेच डुकराचं मटण आणि फुग्यांवर (तळलेल्या गोल पावांवर) ताव मारू नका. ज्यांनी सहा आठवडे मांसाला हात लावलेला नाही, त्यांनी अंडं, पाव, केक एवढ्यावर झोपावं आणि जड जेवण रविवारी दुपारी घ्यावं. पोट बिघडून ईस्टरची दुपार आडवं पडून काढावी लागते, ती याच घाईने.

झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी क्रूसाच्या चौकटीमागे तशीच खोचून ठेवली तर कोकणच्या पावसात तिला बुरशी येते आणि ती नीट जळत नाही. मे महिन्यात एकदा उन्हात कडक वाळवा, वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात वर ठेवा. पुढच्या राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी ती चर्चमध्ये नेऊन द्यायची.